बर्फाच्या कुंपणाचं फाटक

गुडघा दुखतो म्हणून मी आजवर कोणाला खोळंबवलेलं नाही. त्या दिवशी सकाळी मेंढपाळांच्या झोपडीतून निघतानाही टॅम्सिनला तेच सांगितलं, "तू हो पुढे, मी येतेच."

ती म्हणाली, "नायरी, दुपारपर्यंत नदी ओलांडायची आहे. वारा बघ ना कसा सुटलाय."

घ्या! माझा अख्खा जन्म मेंढ्यांच्या मागे गेला, आणि ही ऑकलंडची पोरगी मला वारा दाखवणार.

टॅम्सिन माझी सून. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते, आणि तुम्ही हसलात की आधी तुमचे दात बघते. ती आणि माझा मुलगा लॉकी देशाच्या उत्तर टोकावरच्या दीपगृहापासून पायी निघाली होती, थेट दक्षिणेला ब्लफपर्यंत जायला. अर्ध्यावर लॉकी ओल्या मुळावरून घसरला आणि घोटा मोडून बसला. मला वाटलं, चला, संपला खेळ. तर ही म्हणते, मी एकटी जाणार. पाऊल न् पाऊल चालणार, मध्ये कुठे गाडीत बसणार नाही. आमच्याकडच्या नद्या माणसाला कशा उचलून नेतात ते हिला काय ठाऊक? लॉकीचा फोन आला, "आई, तू तरी समजाव तिला." मी म्हटलं, "समजावत बसत नाही. मीच जाते तिच्याबरोबर."

निघायच्या आधी तिनं माझी पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वजन फार म्हणाली. माझा टॉवेल अर्धा कापला, दात घासायच्या ब्रशची दांडी मोडली, आणि माझा चाकू काढून लॉकीच्या हातात दिला. मर्डकचा चाकू तो, माझ्या नवऱ्याचा. मर्डक गेल्यापासून तो माझ्या खिशातून हलला नव्हता. "याचं काय काम आहे वाटेत?" म्हणे. ते मी विसरले नाही.

तर त्या सकाळी आम्ही डोंगर चढत होतो. वायव्येचा गरम वारा पाठ सोडत नव्हता आणि टसॉक गवताचे पिवळे झुबके जमिनीला लोळण घेत होते. टसॉकमधून चालणं म्हणजे पाऊल कुठे ठेवायचं याचा दर वेळी नव्यानं विचार करणं. झुबक्यावर ठेवलं तर घसरतं, दोन झुबक्यांच्या मध्ये ठेवलं तर गुडघ्यापर्यंत खड्डा. त्यात काट्याची झुडपं. टॅम्सिनच्या पोटऱ्या मांजरानं ओरबाडल्यासारख्या झाल्या होत्या, पण बाई कुरकुरत नव्हती. तेवढं मानलं पाहिजे.

डोंगराच्या मध्यावर बर्फाचं कुंपण लागलं. असतं तारांचंच, पण त्याच्या वर हिवाळाभर बर्फ साचतो म्हणून हे नाव. उन्हाळाभर मेंढ्या या कुंपणाच्या वर चरतात आणि हिवाळ्यात खाली असतात. कुंपणाच्या फाटकातून मी मान खाली घालून पुढे गेले. टॅम्सिन मागे बुटाची नाडी बांधायला थांबली होती. वर बघितलं तर कड्याच्या धारेवरून मेरिनो मेंढ्या एकामागे एक खाली येत होत्या, अजून पार लांब.

"बघ, बायांना कळलं हवा पालटणार ते," मी मागे वळून ओरडले. वाऱ्यात तिला काही ऐकू गेलं नसावं. तिनं नुसता हात हलवला.

खिंड चढलो, पलीकडे उतरलो. नदी खाली दिसायला लागली तेव्हा एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो. पाणी अजून निळं आणि उथळ होतं. पोळीला शेंगदाण्याचं लोणी फासून खाल्लं, स्टोव्हवर चहा ठेवला. दक्षिणेला आभाळाच्या कडेला काळी रेघ उमटली होती. आमच्याकडे थंडी दक्षिणेकडून येते, थेट बर्फाच्या मुलखातून, आणि आली की विचारून येत नाही. पण आम्ही वेळेत होतो. तासाभरात नदी पार आणि संध्याकाळी पलीकडच्या झोपडीत शेकोटी. मी खुशीत होते.

टॅम्सिनही खुशीत होती. बोटं चाटत म्हणाली, "आणि आज फाटक लावायला विसरले नाही हं मी."

"कुठलं फाटक?"

"ते वरचं, कुंपणातलं. कोणीतरी उघडंच टाकून गेलं होतं. मागे बांधून ठेवलेलं. मी सोडलं, ओढत आणून लावलं. केवढं जड गं ते! कडी सैल वाटली म्हणून वरून सुतळीनं बांधूनही टाकलं. चांगल्या गच्च गाठी मारल्या."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"बांधून ठेवलेलं होतं ना उघडं?" मी विचारलं. "वाऱ्यानं उघडलेलं नव्हतं ना? सुतळीनं बांधलेलं होतं?"

"हो. का?"

"अगं, ते मेंढ्यांसाठी उघडं ठेवलं होतं! हिवाळ्याच्या तोंडाला मालक ती फाटकं उघडून बांधून ठेवतात, हवा फिरली की मेंढ्या आपल्या पायांनी खाली उतराव्यात म्हणून. आता त्या कुंपणाशी येऊन थांबतील. मेरिनो मागे फिरत नाही. तिथंच उभी राहते, मागच्या तिच्या अंगावर चढतात, वरून बर्फ पडत राहतो. कळतंय का काय केलंस ते?"

मी केवढ्यानं ओरडले असेन! तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण गप्प बसणारी नाहीच ती.

"परवा त्या शेतकऱ्यासमोर माझी अब्रू काढलीस. मागचं फाटक कोण लावणार, तुझा बाप येणार का, असं म्हणालीस. म्हणालीस की नाही?"

"ते लावलेलं होतं! ते लावायचंच होतं! फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. एवढी साधी गोष्ट!"

"हे तू मला कधी सांगितलंस?"

खरं सांगते, नव्हतंच सांगितलं. आमच्याकडे पोरांना स्वतःचं नाव सांगता येण्याआधी हे कळतं. ते कोणाला सांगावं लागतं हेच मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला फक्त अर्धं सांगितलं होतं, आणि ते अर्धं तिनं मन लावून पाळलं होतं. यानं मला तिचा आणखीच राग आला.

लॉकी लहान असताना एका वसंतात बर्फ वितळल्यावर मी मर्डकबरोबर अशा एका कुंपणापाशी गेले होते. कोणा भल्या माणसानं फाटक लावलं होतं. त्या कोपऱ्यात मेंढ्या एकीवर एक होत्या, कुंपणाच्या वरच्या तारेपर्यंत. मर्डक फावडं टेकून उभा राहिला. लोकर ओढली की हातात येत होती. तो वास मी अजून विसरलेले नाही.

टॅम्सिननं फोन काढला. रेंज कुठली असायला? मग तिनं गळ्यातलं संकटाचं यंत्र हातात घेतलं. "हे बटण दाबू?"

"ते माणूस मरत असेल तर दाबायचं. हेलिकॉप्टर येईल, मेंढ्या बघेल आणि आपल्याला शिव्या घालून परत जाईल." मी उठले. गुडघ्यात कळ गेली ती मी तोंडावर दिसू दिली नाही. "मी मागे जाते. तू नदी ओलांड. आत्ता नाही ओलांडलीस तर पूर येईल आणि मग बस काठावर आठवडाभर."

"नदी एकटीनं ओलांडायची नाही," ती पिशवीचे पट्टे आवळत म्हणाली. "हे मात्र सांगितलं होतंस."

असं काही बोलली की तिला एक ठेवून द्यावीशी वाटते, आणि हसूही येतं.

तिनं न विचारता माझ्या पिशवीतून तंबू काढला, पातेलं काढलं, आपल्या पिशवीत कोंबलं. मी म्हटलं, "राहू दे, मी काही मेले नाही." ती म्हणाली, "मग वाचव दम, चढायचंय." आणि चालायला लागली. ज्या उतारावरून आम्ही हसत आलो होतो तोच आता समोर भिंतीसारखा उभा होता. नदीकडे मी वळून बघितलं नाही. तिनंही नाही.

अर्ध्या चढावर गरम वारा एकदम पडला. क्षणभर सगळं इतकं शांत झालं की आपलाच श्वास ऐकू यायला लागला. मग दक्षिणेचा आला. टोपी उडाली माझी, गेली ती गेलीच. आधी पाऊस, मग गारा, मग बारीक कोरडा बर्फ तोंडावर आडवा. टसॉकचे झुबके पांढरे व्हायला लागले आणि खड्डे दिसेनासे झाले. मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा गुडघा असा वाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

टॅम्सिन मागे आली. "नायरी, इथं थांबतेस का? तंबू लावते तुझ्यासाठी. मी जाऊन उघडून येते."

"गाठी सोडल्यास तरी मेंढ्या काढशील कशा? हात जोडून? ऊठ म्हण मला, आणि हात दे."

"ऊठ," ती म्हणाली आणि हात दिला.

मी उठले. त्यानंतर मी कसलाच विचार केला नाही. एक खांब दिसला की त्याच्यापर्यंत जायचं, मग पुढचा खांब शोधायचा. वाटेच्या खुणेचे ते खांब कोणी रोवले असतील त्याला मी मनातल्या मनात आशीर्वाद देत होते, आणि मधूनमधून टॅम्सिनला, लॉकीला, त्याच्या घोट्याला, माझी पिशवी तोलणाऱ्या काट्याला शिव्या. शिव्यांनी अंगात ऊब राहते. खिंडीत पोचलो तेव्हा बर्फ घोट्याच्या वर आला होता. तिथं थांबलो नाही.

फाटक दिसायच्या आधी मेंढ्यांचा आवाज आला. आवाज कसला, एक दबलेलं कण्हणं. मग धुक्यातून दिसल्या. सगळा कळप कुंपणाशी दाटून उभा, पाठीवर बर्फाचे थर, पुढच्यांची तोंडं तारांत. कोपऱ्यात दोन-तीन खाली गेल्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्यावर पाय देऊन उभ्या होत्या.

"देवा रे," टॅम्सिन म्हणाली. "मी केलं हे."

"रड नंतर. आधी फाटक."

कुंपणाच्या कडेनं आम्ही फाटकाशी पोचलो. निळी सुतळी ओली होऊन गोठली होती. काय गाठी मारल्या होत्या पोरीनं! एकही सुटण्यातली नव्हती. माझी बोटं लाकडाची झाली होती. माझा हात आपसूक खिशात गेला, चाकूसाठी. खिसा रिकामा.

मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं.

मी खाली वाकून गाठीला दात लावले. "दात नको!" ती किंचाळली. तिथं मेंढ्या मरतायत आणि हिला माझ्या दातांची काळजी. तिनं घाईघाईनं पिशवीच्या कप्प्यातून काहीतरी काढलं. नेलकटर! इवलंसं. त्याचं वजन चाललं होतं वाटतं. दोन्ही हातांनी धरून तिनं सुतळीचा एकेक धागा कुरतडायला सुरुवात केली. कुट, कुट, कुट. तिची बोटं सोलली, सुतळीला रक्त लागलं, पण तिनं हात थांबवला नाही. शेवटचा धागा तुटला, आणि दोघींनी खांदा लावून ते फाटक बर्फातून लोटलं, सताड उघडलं.

एकही मेंढी हलली नाही.

"का नाही जात?" टॅम्सिन रडवेली झाली. "उघडलंय ना!"

"त्यांना दिसतंय काय? त्यांना दोन माणसं दिसतायत फाटकात. मेरिनोला वाट माणसानं दाखवून चालत नाही, मागून कुत्रं लागतं." माझी कुत्री घरी. ती असती तर हे काम चुटकीसरशी झालं असतं. मी वर बघितलं. कळपाच्या मागे जायचं तर ओढ्याच्या घळीतून उभं चढायचं होतं, आणि माझा गुडघा आता माझा राहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्यानं नाही जमणार. तुला जावं लागेल."

"सांग काय करू."

"घळीतून जा, त्यांना दिसू नकोस. पार वर जा, मग आडवी हो. त्यांच्या मागे आलीस की भुंक."

"काय कर?"

"भुंक! कुत्र्यासारखी. लाज वाटत असेल तर इथं कोणी नाही बघायला. एखादी फुटून पळाली तर तिच्या मागे जाऊ नकोस. सगळ्यांना मिळून ढकल. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. थांबायचं नाही."

ती गेली. मी फाटकापासून बाजूला सरकून बर्फात पालथी पडले, मेंढ्यांना दिसू नये म्हणून. बर्फ गळ्यातून आत जात होता. मी वाट बघितली. किती वेळ गेला कोण जाणे. ती घसरून पडली असेल, पाय मोडला असेल, लॉकीला मी काय सांगू, असं सगळं मनात येऊन गेलं. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, मेंढ्या गेल्या तरी चालतील पण ही पोरगी सुखरूप खाली आली पाहिजे.

मग वरून आवाज आला. "भू... भू?"

अहो, माफी मागितल्यासारखं! दवाखान्यात कोणाला तोंड उघडा म्हणतात तसं. मेंढ्यांनी कानही हलवले नाहीत.

"जोरात!" मी पडल्यापडल्या ओरडले. "राग आण! माझा राग आण!"

क्षणभर काहीच नाही. आणि मग जो भुंकण्याचा आवाज आला, काय सांगू! खोल, घोगरा, एकामागून एक, मध्ये श्वास नाही. टॉवेलवरून, फाटकावरून, स्वयंपाकातल्या मिठावरून, लग्नात घातलेल्या माझ्या कपड्यांवरून, जे काही तिनं इतकी वर्षं गिळलं होतं ते सगळं त्या डोंगरावर ती भुंकत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मागच्या मेंढ्या दचकून पुढे सरकल्या. सगळा कळप लाटेसारखा हलला. फाटकाजवळच्या एका म्हातारीनं मान वर केली, मोकळी जागा हुंगली, आणि एकदम उडी मारून बाहेर पडली. तिच्या मागे दुसरी. मग तर धरणाचं दार उघडल्यासारख्या त्या निघाल्या. माझ्या डोक्याजवळून खुरांचा नुसता पाऊस. मी तोंड बर्फात खुपसून हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही.

कोपऱ्यात पडलेल्यांपैकी दोघींना आम्ही पाय धरून उभं केलं. लडखडत गेल्या. एक गेली होती. टॅम्सिन तिच्याजवळ जरा वेळ बसली, मी बसू दिलं. मग तिनं उरलेली सुतळी उचलली, फाटक मागे ओढून कुंपणाला बांधलं, उघडं. माझ्याकडे बघितलं.

"सरगाठ मार. सुटेल अशी," मी म्हटलं, आणि तिच्या हातावर हात ठेवून दाखवली.

खाली सकाळच्याच झोपडीत पोचलो. मी तिची सोललेली बोटं धुतली, आणि माझ्या अर्ध्या टॉवेलच्या चिंध्या करून बांधली. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, घसा पार बसला होता. मी म्हटलं, "परमेश्वर दयाळू आहे." तिनं उशी फेकून मारली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि या रानाचा मालक आयव्हर पिकअप घेऊन आला, मागे हौद्यात सगळी कुत्री. मोजकं बोलणारा माणूस. मेंढ्या खाली आल्या होत्या, तरी कपाळाला आठी होती. फाटकापाशी जाऊन आला असावा, कारण खिशातून निळ्या सुतळीचे तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"फाटक कोणी लावलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत टॅम्सिन घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी."

"मी सांगितलं होतं तिला," मी म्हटलं. "अर्धंच सांगितलं होतं."

"उघडलं कोणी?"

"मीच," टॅम्सिन म्हणाली.

आयव्हरनं चहाचा घोट घेतला. "मग झालं," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "रस्त्यानं नदीपलीकडे सोडतो दोघींना. गाडीत या."

माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. मी गाडीत बसले. टॅम्सिन बसली नाही. पाऊल न् पाऊल म्हणाली, आणि पिशवी पाठीला लावली. पूर्वी असतं तर मी म्हटलं असतं, शहरी खूळ. त्या दिवशी म्हटलं, "नदीच्या अलीकडे थांब. मी पलीकडून बघेन पाणी, हात केला की मगच उतर." तिनं मान हलवली.

ती निघताना आयव्हर म्हणाला, "वर अजून काही मागे राहिल्यात. फाटक—"

"जसं आहे तसं," ती म्हणाली.

आम्ही खालून बघत राहिलो. आयव्हरनं मला दुर्बीण दिली. टसॉकमधून चढणारा तिच्या जॅकेटचा लाल ठिपका कुंपणाशी पोचला. फाटकात थांबला. तिनं गाठ चाचपून बघितली, तशीच सोडली, आणि वर निघाली. मी दुर्बीण खाली केली, कारण काही दिसेना झालं होतं.

तेवढ्यात खिंडीच्या वाटेवरून, सगळी दरी ओलांडून, भुंकण्याचा आवाज आला. खोल, घोगरा, अजून नीट न सुधारलेल्या घशातून. हौद्यातली सगळी कुत्री ताडकन उठली आणि एकसाथ उत्तर द्यायला लागली.

आयव्हरनं कुत्र्यांकडे बघितलं, मग डोंगराकडे. चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारलं, "कोणाचं गं ते?"

"आमचं," मी म्हटलं. "आमच्या घरचं."